पावसाळ्याआधीची पाहणी: कॉक्स बाजारच्या निर्वासित छावण्यांत गरजा मोजण्यापासून साहित्य वाटण्यापर्यंत

२५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारच्या राखाईन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या माणसं बांगलादेशात आली. बहुतेक जण कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत थांबले. कुतुपालोंग-बालुखालीच्या टेकड्यांवरचं जंगल बघता बघता साफ झालं आणि तिथे जगातली सर्वांत मोठी निर्वासित वस्ती उभी राहिली. २०१८च्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आत, तिथल्या काही छावण्यांमध्ये निवारा आणि पाणी-स्वच्छता या विषयांची पाहणी करायची आणि तिच्या आधारे साहित्य वाटायचं, असं काम आमच्या गटाकडे होतं. अशा कामावर पहिल्यांदा जाणाऱ्याला फॉर्म, बैठका आणि संक्षिप्त नावांच्या गर्दीत काही सुचत नाही. म्हणून कामाचा क्रम जसा होता तसा लिहून ठेवत आहे.

आधी कोणाचा शब्द कुठे चालतो ते कळायला हवं. निर्वासितांच्या मदतीचं समन्वयन सहसा यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, करते. स्वतःच्याच देशात विस्थापित झालेल्यांसाठी आणि नैसर्गिक आपत्तींसाठी २००५ पासून 'क्लस्टर' पद्धत आहे, म्हणजे निवारा, पाणी अशा एकेका विषयाचं समन्वयन एकेका संस्थेकडे. कॉक्स बाजारमध्ये मात्र आयएससीजी नावाचा आंतरक्षेत्रीय समन्वय गट होता आणि त्याच्याखाली निवारा, पाणी-स्वच्छता, आरोग्य, पोषण, अन्न, संरक्षण अशी क्षेत्रं. सरकारच्या बाजूने निर्वासित मदत व प्रत्यावर्तन आयुक्त, म्हणजे आरआरआरसी, आणि त्यांच्या हाताखाली छावणीचा कारभार बघणारा अधिकारी, सीआयसी. छावणीत कुठलीही गोष्ट सीआयसीच्या माहितीशिवाय करू नये. पाहणीसुद्धा नाही.

जानेवारी कागदपत्रांत गेला. परदेशी निधीतून आपत्कालीन मदत करायची तर ढाक्याच्या एनजीओ अफेअर्स ब्युरो या सरकारी कार्यालयाकडे एफडी-७ हा अर्ज करावा लागतो. त्यात कामाचं ठिकाण, लाभार्थींची संख्या, साहित्याची यादी आणि खर्चाचं वर्गीकरण लागतं, आणि स्थानिक बांगलादेशी रहिवाशांसाठी ठेवलेला हिस्साही दाखवावा लागतो. त्या वेळी हा हिस्सा साधारण पाव धरला जाई, आणि ते योग्यच होतं. उखिया-टेकनाफच्या लोकांनी पहिल्या आठवड्यांत स्वतःच्या घरातलं अन्न आणि अंगण दिलं होतं, आणि नंतर मजुरीचे दर पडले, लाकूडफाटा संपला, तेव्हा झळही त्यांनाच लागली. ढाक्याची मंजुरी आली की जिल्ह्याचे उपायुक्त, मग आरआरआरसी, शेवटी सीआयसी. प्रत्येक टेबलावर मंजुरीपत्राची स्वतंत्र प्रत लागते. पाहणी आणि वाटप यांचा उल्लेख एकाच अर्जात करा. फक्त वाटपाची परवानगी असेल तर प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्या मुलांना वाटेत अडवलं जातं आणि पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरुवात होते. एफडी-७ची मुदत काही महिन्यांचीच असते, तेव्हा मंजुरीला लागणारे आठवडे वेळापत्रकात धरूनच चला.

हे थांबणं वाया घालवायचं नसतं. कागद फिरत असताना आम्ही आधी झालेल्या पाहण्या वाचल्या. यूएनएचसीआर आणि आरआरआरसीने मिळून केलेली कुटुंबगणना, निवाऱ्यांचे ड्रोनवरून काढलेले नकाशे, आरोग्य केंद्रांची साप्ताहिक रोगनोंद, अन्नवाटपाच्या याद्या, असं बरंच काही उपलब्ध होतं. नव्याने विचारावं असं वाटणाऱ्या गोष्टींपैकी कितीतरी कुणीतरी आधीच विचारून ठेवलेल्या असतात. एकाच उंबऱ्यावर एका महिन्यात चार संस्थांची माणसं तेच प्रश्न घेऊन येतात, आणि बाईच्या हाती काही येत नाही. पाचव्यांदा ती जे उत्तर देते ते तिच्या घराबद्दल नसतं. कोणतं उत्तर दिलं तर ही माणसं काही देतील, याचा तो अंदाज असतो. तिचं त्यात काहीच चुकत नाही.

म्हणून प्रश्नावलीच्या आधी निर्णयांचा तक्ता करावा. डावीकडे निर्णय, पुढे तो कोण घेणार, कधीपर्यंत, आणि त्यासाठी कोणता आकडा लागेल. 'छपराची ताडपत्री फाटली आहे का' या उत्तरावर कोणाला साहित्यसंच द्यायचा ते ठरतं, म्हणून तो प्रश्न राहतो. 'तिकडे असताना काय काम करत होता' यावर आमचा एकही निर्णय अवलंबून नव्हता, म्हणून तो गेला. क्षेत्राच्या बैठकीत प्रत्येक संस्था आपापला एकेक प्रश्न घुसवायला बघते. त्यांना एकच विचारावं: याचं उत्तर हो आलं तर तुम्ही काय कराल आणि नाही आलं तर काय कराल? दोन्हींचं उत्तर सारखं असेल तर प्रश्न काढून टाकायचा. असं करून प्रश्नावली जवळपास निम्मी झाली आणि मुलाखत ३५-४० मिनिटांत बसली.

मोजायचं कशाशी, हे स्फिअरच्या, म्हणजे आपत्कालीन मदतीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या किमान मानकांनी ठरतं. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळामागे जास्तीत जास्त २५० आणि एका हातपंपामागे ५०० माणसं, पाण्याचं ठिकाण ५०० मीटरच्या आत, रांगेत ३० मिनिटांहून जास्त वेळ नको. अगदी सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास चालतो, पण लवकरात लवकर २० माणसांमागे एक करायचा. छपराखालची जागा माणशी साडेतीन चौरस मीटर. छावणीचं एकूण क्षेत्र माणशी ४५ चौरस मीटर असावं असं म्हटलं आहे. कुतुपालोंगच्या दाटीवाटीत त्याच्या जवळपासही जाता येत नव्हतं. हे आकडे कोरडे वाटतात, पण जुलै १९९४ मध्ये रवांडातून तेव्हाच्या झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमाला आलेल्या निर्वासितांपैकी पहिल्या महिन्यातच सुमारे ५० हजार माणसं गेली, बहुतेक पटकी आणि हगवणीने. त्या अनुभवानंतर १९९७ मध्ये स्फिअरचं काम सुरू झालं. दर १०,००० लोकांमागे दिवसाला एक मृत्यू झाला की आणीबाणी समजतात, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ही रेषा दोनवर आहे.

नमुना किती घ्यायचा, म्हणजे किती घरांना विचारायचं, याचा फार बाऊ केला जातो. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक चालवून घ्यायची असेल तर साधारण ३८४ कुटुंबं लागतात. १० टक्के चूक चालत असेल तर ९६. वस्ती वीस हजारांची असो की लाखाची, हा आकडा फारसा हलत नाही. आम्हाला प्रत्येक छावणीचं चित्र वेगळं हवं होतं, म्हणून दर छावणीत ९६ आणि बंद दारांसाठी वर १० टक्के, म्हणजे १०६. चढउतार, दुपारचा नमाज आणि संध्याकाळच्या आत छावणीबाहेर पडायची अट लक्षात घेता एक सर्वेक्षक दिवसाला सहा मुलाखती नीट करतो. दहा जणांचा गट असेल तर एका छावणीला दोन दिवस लागतात. शुक्रवार सोडून द्यावा. आमच्या खर्चात सर्वेक्षकांच्या मानधनाइतकाच भार गाड्यांचा होता, कारण कॉक्स बाजार शहरातून उखियाला जायचे तास आणि परतीचे तास दोन्ही पगारातच मोडतात.

घरं निवडताना निवाऱ्यांच्या नकाशावर यंत्राकडून बिंदू टाकून घ्यावेत आणि बिंदूजवळच्या पहिल्या दाराशी जावं. दार बंद असेल तर त्याच दिवशी पुन्हा एकदा येऊन बघावं, मगच शेजारी. इथे हमखास होणारी गडबड म्हणजे उन्हात दमलेला सर्वेक्षक रस्त्यालगतचं घर गाठतो. रस्त्यालगतच्या घरांना मदतही आधी पोहोचलेली असते, त्यामुळे छावणीचं चित्र प्रत्यक्षापेक्षा बरं दिसू लागतं. कोबो या फोनवर प्रश्नावली भरायच्या साधनाच्या फॉर्ममध्ये जागेची नोंद आपोआप होते. रोज संध्याकाळी दिवसभराचे बिंदू नकाशावर टाका. सगळे एका रेषेत आले तर ती रेषा म्हणजे रस्ता समजा, आणि दुसऱ्या दिवशी त्या सर्वेक्षकाबरोबर स्वतः डोंगर चढा.

सर्वेक्षक चट्टोग्राम भागातली मुलं-मुली होती, त्यांचं आणि रोहिंग्यांचं बोलणं बरंचसं जुळतं. तरी तीन दिवस प्रशिक्षण आणि एक दिवस रंगीत तालीम यात कपात करू नये. जोडी नेहमी एक पुरुष, एक स्त्री अशी. पाणी कोण भरतं, रात्री संडासला कोण जात नाही, हे पुरुषाला विचारून कळत नाही. सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं की ही पाहणी आहे, उत्तरं दिली म्हणून काही मिळेल असं नाही आणि नकार दिला तर काही जाणार नाही. नाव लिहायचं नाही. अत्याचाराबद्दल घरोघरच्या पाहणीत विचारायचंच नाही. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकायचं, फॉर्ममध्ये काही टाकायचं नाही, आणि जवळच्या महिला केंद्राचा पत्ता द्यायचा. तो पत्ता आणि तिथे कोण असतं हे सर्वेक्षकाला पाठ हवं. पोषण केंद्राचंही तसंच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीवर ११५ मिलिमीटरच्या खाली, म्हणजे लाल पट्ट्यात आला, तर त्या आईबरोबर त्याच दिवशी केंद्रापर्यंत चालत जायचं. पाहणीचं वेळापत्रक तेवढं मागे पडू द्यावं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्यक्ष फिरताना कागद आणि जमीन यांतलं अंतर दिसतं. एका उतारावरच्या गटाचं, म्हणजे छावणीतल्या शेजारशेजारच्या झोपड्यांच्या एका समूहाचं, उदाहरण घेऊ. साधारण १६० माणसं, यादीत आठ संडास, म्हणजे २० माणसांमागे एक, मानकात चोख बसणारं. जागेवर गेल्यावर दोन खड्डे काठोकाठ भरलेले, एकाला दारच नाही, एकाला शेजारच्या कुटुंबांनी कुलूप घातलेलं. उरले चार, म्हणजे ४० माणसांमागे एक. त्यांपैकी दोन संडासांना आतून कडी नव्हती, त्यामुळे बायका दिवसाउजेडी तिकडे फिरकत नव्हत्या. रात्री जावं लागू नये म्हणून दुपारनंतर खाणं आणि पाणी दोन्ही कमी करत होत्या. अंघोळ झोपडीच्या कोपऱ्यात ताडपत्रीच्या आडोशाला, आणि ते पाणी खालच्या झोपडीच्या भिंतीतून बाहेर. भरलेल्या खड्ड्याच्या खालच्या अंगाला पंधरा-वीस पावलांवर उथळ नलिकाविहीर. खड्डा आणि पाण्याचा स्रोत यांत किमान ३० मीटर अंतर आणि खड्ड्याचा तळ भूजलापासून किमान दीड मीटर वर, हे दोन्ही नियम तिथे मोडलेले होते. पहिल्या आठवड्यांत मिळेल तिथे विहीर आणि मिळेल तिथे संडास खणले गेले. तेव्हा ते गरजेचं होतं, आणि पावसाआधी ते निस्तरणंही तितकंच गरजेचं होतं. 'संडास किती' हा स्तंभ म्हणूनच पुरत नाही. चालू किती, कडी आहे का, उजेड आहे का, खड्डा किती भरला, बायका वापरतात का, हे पाच स्तंभ वेगळे हवेत.

पाण्याचंही तसंच. 'रोज किती लिटर भरता' असं विचारू नये, त्याला अर्थ नाही. घरातल्या कळश्या बाहेर मागवायच्या, खुणा केलेल्या डब्याने एकदा मापून घ्यायच्या आणि काल कोणती किती वेळा भरली ते विचारायचं. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी गोळी टाकून क्लोरीनची तपासणी नळावर करायचीच, ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर यायला हवं, पण तीच गोळी टाकून घरातल्या कळशीचं पाणीही तपासायचं. नळावर गुलाबी झालेलं पाणी कळशीत रंगहीन निघालं, तर दोष वाटेत किंवा भांड्यात आहे. तिथे नवा पंप बसवून काही होत नाही, झाकणाची भांडी आणि साबण द्यावा लागतो.

त्याच काळात भूस्खलन आणि पुराच्या धोक्याचे नकाशे आले आणि लाखाहून अधिक माणसं धोक्याच्या जागी राहत असल्याचं समोर आलं. उतार उभे कापून सपाट केलेल्या पायऱ्या, झाडांची मुळंही सरपणासाठी उपसलेली. हलवायचं कोणाला आणि जागा कुठे, हा प्रश्न आमच्या तक्त्यात सर्वांत वर गेला. यूएनएचसीआर, आयओएम (स्थलांतरितांसाठीची संस्था) आणि डब्ल्यूएफपी (जागतिक अन्न कार्यक्रम) मिळून पश्चिमेकडच्या टेकड्या सपाट करत होत्या, पण जमीन थोडी होती आणि दिवसही. लोक हलायला का तयार नाहीत, हे गटचर्चेत कळलं: शेजार तुटेल, धान्याचं केंद्र लांब पडेल, आणि नव्या जागेवरून पुन्हा उठवणार नाहीत याची खात्री काय? ज्यांनी वर्षाच्या आत सगळं सोडलं त्यांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. नातेवाइकांची आठ-दहा कुटुंबं एकत्र हलवायची आणि आधी त्यांच्यातल्या चौघांना जागा दाखवून आणायची, असं ठरवल्यावर नकार कमी झाले. अशा चर्चा बायका, पुरुष, म्हातारी माणसं, किशोरवयीन मुली आणि अपंग यांच्या वेगवेगळ्या घ्या, आठ-दहा जणांच्या.

आकडे हातात आले की दोन आठवड्यांत बैठकीपुढे ठेवायचे. त्याहून उशीर झाला तर छपरं बदललेली असतात. जाड अहवाल कुणी वाचत नाही. दोन पानं आणि एक नकाशा पुरे. छावणीची सरासरी देऊ नका, गटवार द्या, कारण सरासरीत तो उतार दिसतच नाही. कोण, काय, कुठे, कधी, कोणासाठी या पाच प्रश्नांचा मासिक तक्ता प्रत्येक संस्थेने भरायचा असतो. त्यावरूनच कुठे दोघे तेच करताहेत आणि कुठे कुणीच नाही ते कळतं. त्यातल्या ठरलेल्या चुका सांगतो: नियोजित वाटप 'झालं' म्हणून लिहिणं, कुटुंबांच्या रकान्यात माणसं मोजणं, आणि छावणीचं नाव. सुरुवातीला विभागांना अक्षरं होती, नंतर छावण्यांना क्रमांक आले, आणि जुन्या-नव्या नावांत एकच ठिकाण दोनदा मोजलं जायचं. जुळणीचा तक्ता कायम जवळ ठेवा.

पैसा कधीच पुरत नाही. मार्च २०१८ च्या संयुक्त आराखड्यात ९५.१ कोटी डॉलरची मागणी होती आणि ती पूर्ण भरली नाही. पुढे २०२३ मध्ये तर अन्नमदत माणशी महिना १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ वर आली. जानेवारी २०२४ मध्ये ती १० झाली. अशा वेळी गटवार पाहणी हातात असेल तर निदान सर्वांत वाईट अवस्थेतल्या गटाचं आधी करता येतं.

एप्रिलमध्ये याद्या. कुटुंबाकडे तेव्हा गृहखात्याचं नोंदणीपत्र आणि कुटुंबगणनेचा क्रमांक अशी दोन ओळखपत्रं असत. पहिलं व्यक्तीचं, दुसरं कुटुंबाचं. छपराचं साहित्य कुटुंबाला द्यायचं असल्याने कुटुंबक्रमांकच धरला. गटप्रमुखाने दिलेली यादी ही सुरुवात समजावी. गटप्रमुख बहुतेक पुरुष, नेमलेले, आणि एकट्या बायकांची, म्हाताऱ्यांची, गटाच्या टोकाला राहणाऱ्यांची नावं त्यांच्या यादीतून गळतात. यादीतले दहातले एक दार आणि यादीत नसलेली तितकीच दारं स्वतः तपासा. ज्याचं नाव नाही त्याला तोंडावर 'नाही' सांगणं या सगळ्या कामात सर्वांत जड जातं. तेव्हा निकष काय होते, तक्रार कुठे करायची आणि उत्तर कधी मिळेल, हे सांगता यायला हवं. उत्तर त्या तारखेला द्यायलाच हवं.

सरकारची पक्क्या बांधकामाला परवानगी नव्हती. बांबू, दोर, ताडपत्री आणि वाळूची पोती, एवढ्यावरच भागवायचं. खांबांना 'बोराक' जातीचा जाड बांबू, भिंतीला आणि छपराच्या सांगाड्याला 'मुली' जातीचा बारीक बांबू. सगळ्या संस्था एकाच वेळी खरेदी करतात, त्यामुळे मार्चनंतर मालही मिळत नाही आणि भावही चढतो. कोवळा, ओला बांबू घेतला तर काही महिन्यांत भुंगा पोखरतो. ट्रक रस्त्यापर्यंतच येतो, पुढे चिंचोळ्या पायवाटेवरून लांब बांबू माणसांनाच वाहावे लागतात, म्हणून हमाल खर्चात धरा. म्हातारी, गरोदर बाई, अपंग यांच्या दारापर्यंत साहित्य त्या हमालांनीच पोचवायचं.

वाटपाच्या आदल्या दिवशी वेळ लिहिलेली टोकनं. तासाला ६०-७० कुटुंबांपेक्षा जास्त बोलावू नका. सावली, पाणी, येण्याचा आणि जाण्याचा वेगळा रस्ता, बायकांची वेगळी रांग, तक्रारीचं टेबल बाहेरच्या वाटेवर. साहित्य फुकट आहे, त्यासाठी कुणालाही काही द्यायचं नाही, हे दर थोड्या वेळाने भोंग्यावरून सांगत राहावं. बांधायचं कसं हे त्याच दिवशी नमुना झोपडी उभी करून दाखवा. ताडपत्री ताणून न बांधता नुसती टाकली की पहिल्या वादळात उडते, आणि तिथे वादळाचा हंगाम एप्रिल-मेपासूनच असतो. मेच्या मध्यात रमझान लागणार होता, म्हणून तोवर मोठी वाटपं उरकली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दारोदार: साहित्य मिळालं का, वापरलं का, विकलं का, का विकलं. विकलेली वस्तू दिसली की फसवणूक म्हणून ओरड करू नये. ताडपत्री विकून सरपण घेतलं असेल तर त्या घराची पहिली गरज सरपण होती आणि आपल्या तक्त्यात ती नव्हती. ती नोंद अन्न आणि इंधन बघणाऱ्यांकडे द्या. निष्कर्ष गटाच्या बैठकीत लोकांनाही वाचून दाखवा, विशेषतः जे होणार नाही ते.

शेवटी स्थानिक प्रशासनाकडून काम पूर्ण झाल्याचा दाखला घ्यावा लागतो. तो नसेल तर पुढचा एफडी-७ पुढे सरकत नाही, म्हणून वाटपाच्या दिवशीच साहित्याच्या पावत्या आणि सह्यांची पत्रकं फाईलला लावत जा. कुटुंबक्रमांक काढून टाकलेली माहिती क्षेत्राकडे सुपूर्द केली, सर्वेक्षणाचे फोन पुसून घेतले. पुढच्या संस्थेला तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागू नयेत म्हणून आमची प्रश्नावली आणि निर्णयांचा तक्ताही सोबत दिला.